आईचा नवा सुळा

“सरका, सरका! एकेकाने या! तोंडाजवळ श्वास सोडायचा नाही! बघितलं की पुढे चला!”

बसस्थानकामागच्या मैदानात मांडव पडला होता आणि मांडवात, लाल कापड घातलेल्या खुर्चीवर, एक म्हातारी आ वासून बसली होती. लोक रांगेने येत, वाकत, बॅटरीच्या उजेडात तिच्या तोंडात डोकावत आणि ‘अबब!’ म्हणत पुढे सरकत. एका बाईने तर डोळ्यांना पदर लावला. वरच्या बोडक्या हिरडीतून, उजव्या बाजूला, पिवळसर पांढरं टोक बाहेर आलं होतं. सगळे दात पडून गेलेल्या, ऐंशीच्या घरातल्या बाईला नवा दात फुटला होता.

मीही रांगेत होतो. माझी पाळी आली तसं म्हातारीने तोंड मिटलं आणि मला झापलं.

“तू कशाला आलास? दुकान उघडं टाकून?”

ती माझी आई.

खुर्चीशेजारी, हातात माईक धरून, मंजनमहाराज उभे होते. दाढी छातीपर्यंत, अंगात रेशमी झब्बा, आणि पुढ्यात टेबलावर काळ्या भुकटीच्या बाटल्यांचा डोंगर. डोंगराशेजारी काचेची एक मोठी बरणी, लोकांच्या उपटलेल्या दातांनी अर्धी भरलेली. आमच्या शाळेत विंचू ठेवायचे तशी.

“दात म्हणजे काय?” महाराज गर्जत होते. “दात म्हणजे झाड! झाड तोडलं तर फुटतं की नाही? मग दात का फुटू नये? डॉक्टर म्हणतात, नाही फुटणार. अरे, डॉक्टरांचं पोट कशावर चालतं? कवळीवर! तुमच्या मुळात शक्ती निजली आहे. माझं मंजन तिला हलवून उठवतं. या माताजींना विचारा! यांच्या घरात तर साक्षात दातांची डॉक्टर आहे. सून! आणि दात कुणी आणला? मंजनाने!”

टाळ्या पडल्या. मग त्यांनी दुसरा पुरावा काढला. सहा-सात वर्षांची पोरं ओळीने उभी केली. प्रत्येकाचा पुढचा दात पडलेला, आणि त्या जागी नवा डोकावतोय. “हे बघा! लावलं मंजन, आला दात!” पोरांच्या आया अभिमानाने माना डोलवत होत्या. मला वाटलं, हा गृहस्थ सूर्यालाही पहाटे हेच मंजन चोळत असणार, कारण तोही रोज न चुकता उगवतो. वाटलं, पण बोललो नाही. व्यासपीठावर आपलीच आई बसलेली असली की माणसाची बुद्धी तोंडातच विरघळते.

आमचं घर कसं आहे ते सांगतो, म्हणजे हा घोळ कसा झाला ते कळेल. खाली माझं चष्म्याचं दुकान, त्याला लागून बायकोचा दातांचा दवाखाना, मधे प्लायवूडची भिंत. वर आम्ही राहतो. माझ्याकडे गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं वाचायला धडपडत असतं, तेव्हा पलीकडे कुणीतरी ‘आ’ करून बसलेलं असतं. बायको कामाला चोख. बाहेरचा कुणीही कवळीसाठी आला की आधी एक्स-रे काढल्याशिवाय ती मापाला हात लावत नाही. आईची कवळी मात्र घरचंच काम म्हणून, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, तशीच करून बसवली.

काही दिवसांपासून आई म्हणत होती, “टोचतेय गं.”

“सवय होईल, आई.”

“उजवीकडे टोचतेय.”

“रोज घालत जा, म्हणजे बसेल.”

आता आईला काय टोचत नाही? उशी टोचते, शेजारचा रेडिओ टोचतो, सुनेचं बोलणं टोचतं. त्यामुळे हे टोचणंही आम्ही त्याच यादीत टाकलं. एकदा बायकोने कवळी हातात घेऊन मशिनवर जराशी घासून दिली. आईला म्हणाली नाही की, या, खुर्चीत बसा, तोंड उघडा, दिवा लावते. मीही नाही म्हणालो. दोघींच्या मधे पडायचं नाही, हे धोरण मी लग्न झाल्यापासून पाळत आलो होतो आणि त्याला मी शहाणपण समजत होतो.

मग एका सकाळी आईच्या बोटाला हिरडीत काहीतरी टणक लागलं. तिने ते सुनेला दाखवलं नाही. का दाखवेल? ती जिना उतरून समोरच्या टेलरवहिनींकडे गेली. टोचतंय म्हणजे हिरडीला फोड आला असेल, असं म्हणून वहिनींनीच आधी तिला महाराजांची बाटली आणून दिली होती. वहिनींनी तोंडात पाहिलं आणि किंचाळल्या. संध्याकाळी महाराज स्वतः रिक्षा करून आमच्या दारात, हातात हार!

त्या दिवसापासून आई बदलली. इस्त्रीचं लुगडं नेसून मैदानात जाऊ लागली. घरी आली की कोण आलं, कोण पाया पडलं, कुणी कुठून येऊन दर्शन घेतलं हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. भाजीत मीठ कमी असलं तरी काही म्हणायची नाही. सुनेला एकदा ‘दमलीस का गं?’ असंही विचारलं. मला आठवतंय तेव्हापासून हे पहिल्यांदाच.

बायकोला मात्र जेवण जात नव्हतं.

“तो नवा दात नाहीये,” ती मला म्हणाली. आई आत टीव्हीसमोर होती. “तो सुळा आहे. लहानपणी यायचा राहून गेलेला. जबड्याच्या हाडात आडवा पडून होता जन्मभर.”

“मग आत्ता या वयात कसा आला?”

“आला नाही. तो आहे तिथेच आहे. दात गेले की हाड झिजत जातं. त्यावर कवळी सतत दाबत राहिली की आणखी झिजतं. हाड मागे हटलं, सुळा उघडा पडला. आई टोचतेय म्हणत होत्या ना, तो हाच टोचत होता. मी एकदा जरी दिवा लावून बघितलं असतं...”

तिने पुढचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “कॉलेजात सर एक जुनी हकिकत सांगायचे. चारशे वर्षांमागची. एका परमुलखातल्या लहान मुलाला म्हणे सोन्याची दाढ आली. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले. ग्रहांची गणितं मांडली, भांडले एकमेकांशी. शेवटी सोनाराने तपासलं, तर दाढेवर सोन्याचा पत्रा बसवलेला. आम्ही वर्गात त्या पंडितांना किती हसलो होतो! ते निदान दूरगावी राहत होते. मी तर याच घरात राहते.”

“मग सांग आईला.”

“सांगू?” तिने माझ्याकडे पाहिलं.

इथे मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, “राहू दे. खूश आहे बिचारी. कुणाचं काय जातंय?”

आणि बायकोनेही मान डोलावली. सांगायचं म्हणजे आपण बघितलं नाही हे कबूल करायचं, हे तिला कळत होतं. मला घरातली शांतता हवी होती. अशी दोन शिकलेल्या माणसांची सोय झाली आणि मंजनाच्या बाटल्या खपत राहिल्या.

कुणाचं काय जातंय, ते मला शनिवारी कळलं.

टेलरवहिनींची मुलगी चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात आली. एकोणीस वर्षांची, आम्ही तिला चिमणी म्हणतो, कारण तोंडाचा पट्टा सतत चालू. वरचे पुढचे दात एकावर एक चढलेले, म्हणून हसताना हात आपोआप तोंडावर जातो. दोन वर्षांपूर्वी बायकोने तिला तारेचं सांगितलं होतं, पण त्याबरोबर दात नीट न घासण्यावर असं भाषण दिलं होतं, की पोरगी पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही.

“काका, उद्या बघाच तुम्ही,” ती म्हणाली. “उद्या मी माझे पुढचे चारही काढून घेणार. महाराज म्हणतात, वाकडं झाड छाटलं की सरळ फुटतं. सहा महिन्यांत नवे, एका ओळीत!”

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला.

“अगं, वेडी आहेस का? किडलेत का ते?”

“नाही, चांगले घट्ट आहेत. म्हणून तर महाराज स्वतः काढणार.”

“चिमणे, असे दात येत नसतात.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला फसवतोय. “असं काय करता, काका? तुमच्याच घरात तर आलाय! मी आजींना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, काढ बिनधास्त. आजी खोटं बोलतात का?”

याचं उत्तर मी पंधरा दिवस आधी द्यायला हवं होतं. मी तिला थांबवायला तोंड उघडेपर्यंत ती चष्मा उचलून, हसून, तोंडावर हात ठेवून निघूनही गेली.

मी भिंतीवर थाप मारून बायकोला बोलावलं. तिने ऐकलं, हातातले मोजे काढले आणि पेशंटला तसंच बसवून समोर धावली. वहिनींच्या दारात तिचा शब्द कुणी कानावर घेतला नाही. “तुमचा धंदा बुडतोय म्हणून तुम्हाला पोटात दुखतंय,” वहिनी म्हणाल्या. पंधरा दिवस मूग गिळून बसलेल्या डॉक्टरवर कोण कशाला विश्वास ठेवेल?

“आता एकच माणूस तिला थांबवू शकतं,” बायको जिन्यावरच मला म्हणाली.

संध्याकाळी आईला दवाखान्याच्या खुर्चीत बसवायला बरीच मिनतवारी करावी लागली. बायकोने एक्स-रे काढला. मग फिल्म उजेडात धरली आणि आधी फिल्मबद्दल काही न सांगता आईसमोर खाली स्टुलावर बसली.

“आई, तुम्ही टोचतंय म्हणत होतात. मी बघितलं नाही. बाहेरच्यांचं बघते, तुमचं नाही बघितलं. चुकलं माझं.”

आई सावध झाली. “हे आज का सांगतेस?”

बायकोने सगळं सांगितलं. उजवा सुळा दाखवला. मग डावीकडे बोट नेलं. हाडाच्या आत, तिरपा पडलेला, अगदी तसाच दुसरा सुळा. “हा अजून झाकलेला आहे. हाड झिजलं तर हाही दिसेल. तेव्हा कुणी दुसरा महाराज येऊन म्हणेल, मी आणला.”

“म्हणजे मला खोटं पाडायचंय तुम्हाला,” आई तडकली. “कधी नव्हे ते चार लोक मला विचारतात, ते बघवत नाही!”

“आई, तुमच्या माहेरच्या अंगणात दगड वर यायचे, सांगायचात ना? ठेच लागायची म्हणून?”

“यायचे की. दरवर्षी.”

“ते उगवायचे का?”

आईने फिल्म ओढून घेतली, डोळ्यांजवळ धरली. “माती जायची,” ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “अगं, त्या पोरीला मी सांगितलंय, काढ म्हणून. माझ्या गुडघ्याला हात लावून विचारलं तिने.”

तेवढ्यावरच ती थांबली नाही. हातातला रुमाल पिळत म्हणाली, “आणि मला त्या माणसाचं एक ठाऊक आहे. पहिल्याच दिवसापासून.” काय ते मात्र सांगेना. “उद्या मी जाते. मीच सांगते.”

रात्री तिने चिमणीकडे निरोप पाठवला, उद्या थांब म्हणून. वहिनींना वाटलं, हा सुनेचाच कावा; त्यांनी तो पोरीपर्यंत पोचूच दिला नाही. सकाळी आम्ही तिघं निघालो तेव्हा मैदानातला कर्णा घरापर्यंत ऐकू येत होता. गर्दी जास्त झाली म्हणून महाराजांनी ठरलेल्या वेळेआधीच सुरुवात केली होती. बायको जवळजवळ धावतच म्हणाली, “पूर्वी जत्रांमधून दात उपटणारे आपल्या बाजूला ढोल बडवायला माणसं ठेवत. ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून.” मांडवात शिरलो आणि तेच दिसलं. कर्ण्यावर ढोल कडाडत होते, दोघांनी चिमणीचं डोकं धरलं होतं, आणि महाराज चिमटा उंच धरून लोकांना दाखवत होते. चिमट्यात दात होता. लांब मुळाचा, पांढरा स्वच्छ, कुठेही कीड नसलेला दात.

आम्ही उशिरा पोहोचलो होतो. एक गेला होता.

महाराजांनी तो बरणीकडे नेला. बायकोने मधेच त्यांचं मनगट धरलं, दात चिमटीत चावायच्या बाजूने उचलला, मुळाला बोट लागू दिलं नाही. मूळ सुकू नये म्हणून शेजारच्या चहावाल्याकडून पेल्यात थंड दूध घेतलं, दात त्यात सोडला आणि चिमणीला दंडाला धरून उठवलं.

“चल. पटकन. अजून परत बसवता येईल.”

“अहो, पण यांना कोण सांगणार?” मी गर्दीकडे हात करून विचारलं.

“मला वेळ नाही. तुम्ही सांगा,” म्हणत ती पोरीला घेऊन पळाली. मागून वहिनी, रडत.

गर्दीत गडबड उडाली. महाराजांनी सावरून घेतलं. “भक्तहो, पाहिलंत? डॉक्टरांना नवा दात येऊ द्यायचा नाही! माताजी, या, बसा आपल्या आसनावर, तुम्हीच सांगा यांना!”

आई आसनावर बसली नाही. ती टेबलाजवळ गेली आणि माईक घेतला.

“महाराज, माझा यानंतरचा दात कुठे येणार?”

“माताजी, मधोमध! चंद्रकोरीसारखा!”

“अरे, दाखव ती,” आई मला म्हणाली. मी फिल्म उन्हात धरली. “या, बघा सगळ्यांनी. माझ्या तोंडात बॅटरी मारून बघितलंत, आता इथे बघा. डावीकडे. हा दुसरा सुळा. आत पडून आहे, जन्मापासून. तसाच हा उजवा होता. हा आला नाही, वरचं हाड झिजलं म्हणून उघडा पडला. तुमच्या पायाखाली बघा. या मैदानात एवढे दगड वर आलेत, ते कुणी मंजन घालून उगवले का?”

“पायांनी माती जाते, आजी,” कुणीतरी मागून म्हणालं. हा रोज तिथे चेंडू खेळणाऱ्यांपैकी एक असावा, त्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

“यंत्राची माया आहे ती!” महाराज ओरडले. “आणि ही बालकं? यांना आलेले दात?”

मला तेव्हा कुठे कंठ फुटला. “यांना मंजन न लावता दात आले नसते का? दुधाचे पडतात, पक्के येतात. तुमचे आले, माझे आले. पक्का एकदा गेला की त्याच्यामागे दुसरा नसतो.”

“माझ्या धाकट्याला मी लावलंच नव्हतं,” एक बाई विचारात पडून म्हणाली. “त्याचाही आला की.”

गर्दी कुजबुजायला लागली. पण कुजबुजणारी गर्दी पुन्हा टाळ्या वाजवायलाही तयार असते, हे महाराजांना माहीत होतं. त्यांनी छाती फुगवली आणि पट्टा सुरू करणार, तोच आईने पिशवीत हात घातला. रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि बाटल्यांच्या डोंगराशेजारी आपली कवळी ठेवली.

“ही माझी,” ती म्हणाली. “आता तुमची ठेवा.”

“काय?”

“पडद्यामागे चहात बिस्किट बुडवताना तुम्ही दोन्ही कवळ्या काढून रुमालात ठेवता. मी पहिल्याच दिवशी बघितलं. तुमच्याजवळ एवढ्या बाटल्या, मग तुमची शक्ती का उठली नाही? काढा, ठेवा इथे.”

ज्या तोंडातून पंधरा दिवस अखंड गर्जना चालू होत्या, ते तोंड घट्ट मिटलं. “उघडा की!” कुणीतरी ओरडलं. “बॅटरी आणा रे!” दुसरं म्हणालं, आणि मैदानभर हशा पिकला. महाराजांनी एका हाताने ओठ झाकले आणि दुसऱ्या हाताने बाटल्या गोळा करायला लागले. तोंडावर हात ठेवून माणूस कसा दिसतो, हे चिमणीने पाहायला हवं होतं.

आई हसली नाही. माईक अजून तिच्या हातातच होता.

“मला ठाऊक होतं,” ती लोकांना म्हणाली. “तरी मी बसले. खुर्ची आवडली मला. त्या पोरीचा दात याने चिमट्याने काढला, पण काढ म्हणून मी सांगितलं होतं.”

बरणी टेबलावर तशीच राहिली होती. लोक एकेक करून तिच्याजवळ जाऊन आत बघत होते, आपला कुठला ते ओळखू येतो का म्हणून.

बायकोने चिमणीचा दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून टाकला. धरेल का, हे आज सांगता येत नाही. मुळाचं काम करावं लागेल, काही महिने वाट पाहावी लागेल, आणि तरीही काही वर्षांनी तो जाऊ शकतो. हे तिने चिमणीला सरळ सांगितलं, भाषण न देता. बाकीच्या वाकड्या दातांसाठी पुढे तार लावायची ठरली आहे. आई रोज त्यांच्याकडे मऊ खिमट घेऊन जाते आणि पोरगी खाईपर्यंत समोर बसून राहते. चिमणी तिच्यावर रागावलेली नाही. ती रागावली असती तर आईला बरं वाटलं असतं.

वाचकहो, महाराज दुसऱ्या गावी गेले आहेत. तिथेही मैदान असेल आणि सात वर्षांची पोरं असतील. ते तुमच्या गावी आले तर एवढंच करा. जो दात आला म्हणतात, तो आधी होता का ते विचारा. ज्याला मंजन लावलं नाही, त्याचं काय झालं ते विचारा. सांगणाऱ्याला म्हणा, तुम्ही आधी तोंड उघडा. आणि तुम्ही शिकलेले असाल, तुम्हाला खरं काय ते ठाऊक असेल, तर कुणाचं काय जातंय असं म्हणू नका. कुणाचं तरी जात असतं. भोंदू माणसाला आपल्या घरात जागा मिळते, कारण घरात कुणीतरी दुखतंय म्हणत असतं आणि आपण तिकडे बघत नसतो.

काल रात्री जेवताना आईने घास तोंडात घोळवला, थांबली, आणि जरा भीतभीतच म्हणाली, “टोचतंय गं. डावीकडे.”

बायकोने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि खाली जाऊन दवाखान्याचा दिवा लावला.

“या, आई,” तिने जिन्यातून हाक मारली. “कुठे टोचतंय, दाखवा.”